अठरा तास अभ्यास, पण पोरांच्या अंगात रक्त किती?

एप्रिल जवळ आला की विहारात, वाचनालयात, महाविद्यालयात फलक लागतात : 'महामानवाला अभिवादन – सलग १८ तास अभ्यास'. सकाळी सहाला वंदना होते, रात्री बाराला सांगता होते. डीजेपुढे नाचण्यापेक्षा हा उपक्रम शंभर पटीने चांगला, याबद्दल दुमत नाही. पण हा आता एका दिवसाचा उपक्रम राहिलेला नाही. वर्षभर पोरांना मोजण्याची ती पट्टी झाली आहे. नववीतला मुलगा वर्गात पेंगतो, संध्याकाळी पुस्तक उघडले की त्याचे डोळे मिटतात, दोन जिने चढताना मुलीला धाप लागते. तेव्हा घरचे, क्लासवाले आणि कधी कधी आपलेच कार्यकर्ते सुनावतात, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे आणि तुला दोन तास बसवत नाही?"

या एका वाक्यात दोन चुका आहेत. एक इतिहासाची आहे आणि दुसरी शरीराची. आपण आधी इतिहास पाहू, कारण तो नीट कळला की दुसरी चूक आपोआप लक्षात येते.

राबणारे शरीर चालले, कमावलेले चालले नाही

गावगाड्यात आपल्या पूर्वजांच्या वाट्याला काय होते? सांगावा घेऊन धावायचे, सरकारी अंमलदाराचे ओझे वाहायचे, मेलेली ढोरे ओढायची, वेशीची राखण करायची आणि बदल्यात भाकरी मागून आणायची. या व्यवस्थेला आपल्या शरीराची गरज पदोपदी होती. पण ते शरीर बलवान व्हावे, पोटभर खाऊन मैदानात उतरावे, हे तिला मान्य नव्हते.

हे कोणा परक्या अभ्यासकाचे मत नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध छापून आला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील ही विद्यार्थिनी तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती, म्हणजे आजच्या आठवी-नववीच्या वयाची. बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यापुढून नुसता गेला, तरी त्याचे मस्तक उडवून गुलटेकडीच्या मैदानावर त्याचा चेंडू करून खेळत, असे तिने लिहून ठेवले आहे. विचार करा. देवळापुढून नव्हे, पाठशाळेपुढूनही नव्हे, तर तालमीपुढून! ज्ञानावर जसा पहारा होता, तसाच तो व्यायामावरही होता. ज्ञानबंदीबद्दल आपण शंभर भाषणे केली. या तालीमबंदीबद्दल क्वचितच बोललो.

म्हणूनच पुण्यात लहुजी वस्तादांची तालीम ही साधी गोष्ट नव्हती. ज्या शहरात मांगाने तालमीपुढून जाण्याचीही सोय नव्हती, त्याच शहरात एक मांग वस्ताद तालीम चालवू लागला आणि जोतीराव फुले त्याच्याकडे दांडपट्टा शिकायला गेले. पुढे फुल्यांच्या शाळांच्या पाठीशीही लहुजी उभे राहिले. शाळा आणि तालीम ही आपल्या चळवळीत पहिल्यापासून जोडीने आलेली कामे आहेत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले आणि १९१२ साली त्याच शहरात खासबागचे कुस्ती मैदान उभे राहिले. वसतिगृह काढणारा आणि मैदान बांधणारा राजा एकच होता.

पळवून नेलेले मैदान

इंग्रजांच्या मुंबई लष्करात महारांना प्रवेश मिळाला तेव्हा काय घडले? नियमित शिधा, रोजची कवायत आणि पलटणीतील शाळा या तीन गोष्टी प्रथमच एकत्र मिळाल्या. सुभेदार रामजी सकपाळ याच वाटेने लष्करी शाळेत शिक्षक झाले. एका पिढीला अन्न, व्यायाम आणि अक्षर एकाच ठिकाणी मिळाले, म्हणून पुढच्या पिढीत भीमराव शिकू शकले. इंग्रज सरकारने आपल्यावर उपकार केले, असा याचा अर्थ नाही. १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पुढे करून त्याच सरकारने महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ साली ती मोडली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली. या पन्नास वर्षांत आपली शरीरे बदलली नव्हती. ती 'लायक' की 'नालायक' हे ठरवणाऱ्यांची गरज बदलत होती.

पळवणकर बाळूंचे उदाहरण घ्या. चर्मकार समाजातील हा तरुण पुण्याच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता तयार झाला. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. पण हिंदूंच्या संघात खेळताना चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसत आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. म्हणजे त्याचे मनगट संघाला चालत होते, त्याच्या ओठाला लागलेला कप चालत नव्हता.

बाबासाहेबांच्या शाळेतही नियम हाच होता. नळ सोडायला शिपाई असेल तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. पाणी न पिता दिवस काढलेल्या मुलाचे दुपारी लक्ष लागले नाही, तर त्याला मंद म्हणायचे की तहानलेला?

अठरा तासांमागची टंचाई

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करत, हे खरे आहे. पण कधी, कोणत्या वयात आणि का?

१९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. ते चौदा-पंधरा वर्षांचे पोर नव्हते. बडोद्याची शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. मुदत संपली की परत फिरायचे होते, आणि झालेही तसेच : लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना १९१७ साली परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा जवळ मोजके पैसे होते. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय आणि रात्री भूक असह्य झाली की भाजलेले पापड, असे त्या दिवसांचे वर्णन धनंजय कीरांनी चरित्रात केले आहे. वेळ कमी होता, पैसा कमी होता, अन्न कमी होते. अठरा तास ही त्या टंचाईवर त्यांनी केलेली मात होती. ती टंचाई आपण आदर्श म्हणून पोरांपुढे ठेवायची का?

त्यांच्या शाळकरी वयातलीही एक गोष्ट कीर सांगतात. परळच्या चाळीत सगळ्या कुटुंबाला एकच खोली होती. रामजीबाबा भीमाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवत. ही गोष्ट आपण 'रात्री दोनला उठून अभ्यास' अशी सांगतो आणि तिचा पहिला भाग गाळतो. बापाने स्वतःची झोप मोडून आधी मुलाला झोप दिली होती!

आणि त्या शरीराचे पुढे काय झाले? मधुमेहाने त्यांना पोखरले. १९४७-४८ मध्ये, संविधानाच्या मसुद्याचे काम ऐन भरात असताना, पायांच्या वेदनांनी त्यांना रात्र-रात्र झोप लागत नव्हती. पासष्टाव्या वर्षी ते गेले. अभ्यासामुळे मधुमेह झाला असे मी म्हणत नाही. पण ज्या माणसाची आपल्याला आणखी दहा वर्षे नितांत गरज होती, त्याचे शरीर आधीच थकले होते, हे तरी आपण विसरू नये.

परत आल्यावर त्यांनी काय काढले?

अर्धपोटी राहून शिकलेला हा माणूस १९२३ साली मायदेशी परतला. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात सभेचे वसतिगृह सुरू झाले. वसतिगृह म्हणजे राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि झोपायला अंथरूण. पुढच्या काळात अशा वसतिगृहांसाठी बाबासाहेबांनी पै-पै गोळा केली. मी जसा उपाशी शिकलो तसे तुम्हीही शिका, असे ते पोरांना म्हणाले नाहीत. पोरांवर ती वेळ येऊ नये, ही व्यवस्था त्यांनी केली.

त्याच सभेने मुंबईत आणखी दोन गोष्टी सुरू केल्या होत्या. एक मोफत वाचनालय आणि दुसरा महार हॉकी क्लब. होय, हॉकी क्लब. दारू, जुगार यांपासून तरुण दूर राहावेत म्हणून. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' सांगणाऱ्या सभेच्या कामात वाचनालयाशेजारी हॉकीची काठी होती. आपल्या किती विहारांत वाचनालय आहे हे आपण अभिमानाने सांगतो. किती विहारांत चेंडू आहे?

मग महाड आले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतलेल्या आपल्या माणसांवर सवर्ण जमावाने लाठ्या चालवल्या, मंडपातले अन्न मातीत मिसळले. त्याच काळात समता सैनिक दल उभे राहिले. लष्करातून निवृत्त झालेली आपली माणसे तरुणांना कवायत शिकवू लागली. समता सैनिक दल म्हणजे नुसता मिरवणुकीतला बंदोबस्त नव्हता. ज्यांच्या पूर्वजांना तालमीपुढून जाता येत नव्हते, ती पोरे रांगेत छाती काढून उभी राहिली, हा त्याचा अर्थ होता. पुढे आपण ही सवय बऱ्याच ठिकाणी सोडली आणि दलाला जयंती-परिनिर्वाण दिनापुरते ठेवले. त्याच दशकात, १९२५ साली, नागपुरात ज्यांनी संघ काढला त्यांनी मात्र रोज संध्याकाळचे मैदान आणि खेळ सोडला नाही. पोरे कोणाकडे वळतात हे फक्त विचाराने ठरत नाही. संध्याकाळी पाचला त्यांच्यासाठी मैदानात कोण उभे असते, यावरही ते ठरते.

आजची आकडेवारी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगते : देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि मुलांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. आधीच्या सर्वेक्षणात हेच आकडे ५४.१ आणि २९.२ होते. म्हणजे ते घटले नाहीत, वाढले. रक्तात हिमोग्लोबिन कमी म्हणजे मेंदूला आणि स्नायूंना प्राणवायू कमी. थकवा येतो, धाप लागते, लक्ष टिकत नाही, चिडचिड होते. ज्याला आपण 'अभ्यासाची आवड नाही' म्हणतो, त्यातले निम्मे कदाचित रक्ताच्या एका चाचणीत सापडेल.

आता सरकारी धोरण पाहा. शाळेत शिजवलेले अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. पण ही योजना आठवीपर्यंतच आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेला मैदान हवे, तोही कायदा चौदा वर्षांपर्यंतच. म्हणजे उंची झपाट्याने वाढते, मुलींना पाळी सुरू झालेली असते, शरीराला सर्वांत जास्त अन्न आणि लोह लागते, नेमके तेव्हा ताट काढून घेतले जाते. नववीपासून उरते काय? आठवड्याला लोहाची एक निळी गोळी, तीही शाळेने वाटली तर.

ताटाचे राजकारणही विसरू नका. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. ते आपण स्वाभिमानाने, स्वतःच्या निर्णयाने सोडले. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली आणि गरिबाला परवडणारे एक मांस कायद्याने ताटातून गेले. पहिला त्याग आपला होता, दुसरी सक्ती त्यांची आहे.

विदर्भातल्या साथींसाठी एक खास गोष्ट. सिकलसेल हा केवळ आदिवासींचा आजार नाही. नागपूर भागातील आपल्या समाजातही त्याचे वाहक मोठ्या प्रमाणात आहेत. मध्य भारतातील सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ सालीच लेख आला होता. तरी आजही सांधेदुखी आणि अंगदुखीने बेजार झालेल्या मुलाला 'नाटकी' म्हटले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे, हे किती पालकांना माहीत आहे?

आणि झोप? तेरा ते अठरा वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान साठ मिनिटे दमवणारी हालचाल सांगते. आता हिशेब करा. चोवीसातून अठरा गेले, उरले सहा. त्यात जेवण, आंघोळ, शाळेचा प्रवास, मुलींच्या बाबतीत घरकाम. झोपायचे कधी, खेळायचे कधी?

"पण पोरं तर मोबाईलमुळे थकतात!"

हा आक्षेप नेहमी येतो. खरे आहे, मोबाईल झोप खातो आणि तो रात्री काढून ठेवलाच पाहिजे. पण मोबाईलने हिमोग्लोबिन कमी होत नाही. मोबाईलने शाळेचे मैदान गेले नाही, पीटीचा तास गणिताला दिला गेला नाही, वसतिगृहातले वरण पातळ झाले नाही. सगळा दोष पोराच्या हातातल्या यंत्रावर टाकला की ताटाचा आणि मैदानाचा हिशेब कोणी मागत नाही. 'आळशी' हा शब्द पूर्वीही याच कामासाठी वापरला गेला. दिवसभर शेतात राबणाऱ्याला बांधावर बसलेला माणूस आळशी म्हणत होता.

दुसरा आक्षेप : अठरा तास अभ्यासावर बोलणे म्हणजे बाबासाहेबांचा अवमान. मित्रांनो, आपण बुद्धाचे अनुयायी आहोत. सिद्धार्थ गौतमाने उपवासाने देह झिजवून पाहिला, हाडांचा सापळा झाला आणि मग सुजाताने दिलेले अन्न स्वीकारले. देह छळून ज्ञान मिळत नाही, हे कळल्यावरच मध्यम मार्गाची वाट खुली झाली. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहिताना बाबासाहेबांनी ही गोष्ट वगळलेली नाही. देह झिजवण्यात पुण्य मानणारी परंपरा आपली नाही. मग अभ्यासाच्या नावाखाली ती विहारात का आणायची?

मग करायचे काय?

पहिले, उपक्रम बंद करू नका, बदला. अठरा तास एका पोराचे नकोत, वस्तीचे असू द्या. सहा गट करा, प्रत्येकाने तीन-तीन तास वाचावे. विहारातला दिवा अठरा तास जळू द्या आणि पोरे वेळेवर झोपू द्या.

दुसरे, जयंतीला रक्तदान शिबिर घेतो तसे त्याच मांडवात दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींचे हिमोग्लोबिन तपासा, विदर्भात सिकलसेलही. थकवा आठवडेच्या आठवडे टिकत असेल तर डॉक्टरकडे न्या, मनाने टॉनिक देऊ नका. कारण लोह असेल, थायरॉइड असेल, सिकलसेल असेल किंवा मनावरचा ताणही असेल. खर्चाचा प्रश्न विचाराल तर डीजेच्या बिलातला एक तुकडा पुरेल.

तिसरे, विहारापुढच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी एक तास कबड्डी, खो-खो, लेझीम, धावणे, जे जमेल ते. समता सैनिक दलाची शाखा त्यासाठीच आहे. आणि मुली कडेला बसून टाळ्या वाजवणार नाहीत, मैदानात उतरतील. रक्तक्षयाचा आकडा कोणाचा मोठा आहे ते वर दिलेच आहे.

चौथे, घरच्या ताटात फुटाणे, गूळ, पालेभाजी, अंडे, परवडेल तेव्हा मांस आणि वर लिंबू. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह शोषू देत नाही.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे : हे सगळे आपण करत असताना सरकारला मोकळे सोडायचे नाही. शालेय पोषण आहार बारावीपर्यंत झाला पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत आली पाहिजे. प्रत्येक मागासवर्गीय वसतिगृहात भोजन समितीवर विद्यार्थी असलेच पाहिजेत. मेसच्या ठेक्याची कागदपत्रे माहिती अधिकारात मागा. बाबासाहेबांनी सोलापुरात जे लोकवर्गणीतून केले, ते आज करांच्या पैशांतून मागणे हा आपला हक्क आहे.

मुक्ता साळवेने लिहिले तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि तालमीपुढून जाणेही तिच्या लोकांना मना होते. आज आपली चौदा वर्षांची मुलगी शाळेत आहे. तिला धाप लागत असेल तर तिला बाबासाहेबांच्या अठरा तासांची आठवण देऊ नका. आधी तिचे रक्त तपासा, तिला जेवू घाला, झोपू द्या आणि मग मैदानात पाठवा. पुस्तक ती स्वतःहून उघडेल.

जय भीम! नमो बुद्धाय!